छोट्या शहरातली मॅरेथॉन: बेळगावात पळू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उघडला आणि पहाटे स्वेटर लागायला लागला की प्रश्न सुरू होतात. कॅम्पातल्या चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. माणसं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी प्रशिक्षक नव्हे. इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या शर्यतींत मधल्या फळीत पळणारा माणूस आहे. मधली फळी म्हणजे बक्षीस समारंभात शेवटचं भाषण चालू असताना पोचणारे. उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. तारीख, फी आणि वयाची अट प्रत्येक शर्यतीची वेगळी असते, ती आयोजकांच्या पत्रकातच बघा.

१. मॅरेथॉन म्हणजे नक्की किती किलोमीटर? पोराच्या शाळेत तर ३ किमीलाही मॅरेथॉनच म्हणतात.

मॅरेथॉन ४२.१९५ किमीची. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला. अर्धी म्हणजे २१.०९७५ किमी, बोलताना आपण एकवीस म्हणतो. बाकी ३, ५, १० किमीच्या नुसत्या धावण्याच्या शर्यती, पण फलकावर 'मॅरेथॉन' लिहिल्याशिवाय प्रायोजक मिळत नाही. आपल्याएवढ्या शहरात बहुधा एकवीस हीच मुख्य शर्यत असते. पुढची उत्तरं तिलाच धरून आहेत.

२. बेळगावला पळण्याचा काही इतिहास हाय काय वो, का हे पुण्या-मुंबईचं फॅड?

आहे, आणि चांगला शंभर वर्षांचा आहे. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक झालं. भारताचं पहिलं पथक तिथे गेलं, त्यामागे दोराबजी टाटांची खटपट होती. त्या पथकातला मॅरेथॉनचा धावपटू बेळगावचा होता: फडेप्पा दरेप्पा चौगुले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत तो एकोणिसावा आला. त्या वर्षीचा मार्ग आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किमीचा होता, हे त्या वेळेसोबत लक्षात ठेवा. आज आम्ही ताकदीसाठी साखरेचं जेल चोखत, घड्याळ आणि पट्टेदार मोजे घालून निम्मं अंतर जेमतेम त्या वेळेत संपवतो. शहरात शंभर जणांना हे नाव विचारा, पाच जण सांगतील की नाही शंका आहे.

३. मी वारीला चालत जातो. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर आरामात होतात. मग एकवीस पळायला काय अडचण?

दम तुमचा चांगला आहे, त्याची काळजी नको. अडचण सांध्यांची आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात आणि उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. हृदय महिन्याभरात तयार होतं, पण नडगी, टाच, गुडघ्याच्या शिरा यांना दोन-तीन महिने लागतात. वारकरी मंडळी नेमकी इथे फसतात. दम लागत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात दहा किमी पळतात आणि पुढचे तीन आठवडे तेल चोळत बसतात. दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास. तिथून सुरू करा.

४. किती महिने आधी सुरुवात करू?

सलग ५ किमी पळता येत असेल तर बारा ते सोळा आठवडे. अजिबात पळत नसाल तर त्याआधी दोन महिने धरा. आठवड्याला चार दिवस पुरेत: तीन दिवस थोडं थोडं, रविवारी लांब. रविवारचं अंतर दर आठवड्याला एक-दीड किमीने वाढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. १८ पर्यंत पोचलात की झालं, पूर्ण एकवीस सरावात पळायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणा. याच काळात लोकांना वाटतं आपली तयारी कमी पडली, आणि शर्यतीच्या चार दिवस आधी कुणीतरी 'एकदा बघू' म्हणून वीस पळून येतो. तो मी होतो. शर्यतीदिवशी दहाव्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले होते.

वेग सोपा ठेवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मनात हनुमान चालिसा म्हणा, ओळ तुटायला लागली की वेग जास्त झाला.

५. सरावाला कुठं पळू? सगळीकडं रस्ते खोदून ठेवलेत.

कॅम्पातले रस्ते सगळ्यांत बरे: झाडं, सावली, वाहनं कमी. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या आवारात मातीवर पळता येतं, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथेच जावं. काँग्रेस रोड रुंद आहे, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर याच रस्त्याला. पण सातनंतर वाहनं वाढतात. लांब पळायचं असेल तर येळ्ळूर रस्ता. दोन्ही बाजूंना भातशेती, आणि सुगीच्या दिवसांत बासमतीचा वास येतो तेव्हा किलोमीटर मोजायचं विसरायला होतं. तसंच पुढे राजहंसगडाचा चढ चढलात तर शहरातले सगळे पूल खेळणं वाटतील (चढाचं प्रश्न १४ मध्ये). वेंगुर्ला रोडला हिंडलग्याच्या पुढे रस्ता चांगला आहे, पण अवजड गाड्या वेगात असतात. तिथे अंधारात जाऊ नका.

रस्त्याने पळताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने पळायचं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेपाचला निघणाऱ्याने चकाकणारी पट्टी किंवा डोक्याला बॅटरी लावावी. काळा टी-शर्ट घरी ठेवा.

६. पहाटे कुत्री मागं लागतात. काय करायचं?

पळायचं थांबवा, हाच उपाय. पळणाऱ्याच्याच मागे ती लागतात. थांबा, कुत्र्याकडे तोंड करा, डोळ्यांत डोळे न घालता हळूहळू चालत त्याच्या हद्दीबाहेर जा. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक वेळा भागतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. ओरखडा असला तरी हेच.

७. बूट किती महागाचे घेऊ? अनवाणी चालत नाही काय?

अनवाणी पळणारे मी पाहिलेत, पण ते लहानपणापासून तसेच पळतात. तुम्ही चाळिशीत खडीच्या रस्त्यावर सुरुवात करू नका. बूट महाग नको, मापाचा हवा. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा सोडा. पळताना पाय पुढे सरकतो, तेवढी जागा नसेल तर नखं काळी पडतात. शर्यतीच्या दिवशी नवा बूट, नवे मोजे, आदल्या दिवशी मिळालेला नवा टी-शर्ट यांतलं काही घालायचं नाही. त्या टी-शर्टच्या शिवणीने काखेत आणि छातीवर सोलवटतं. व्हॅसलीन लावून ठेवा, पुरुषांनीसुद्धा. रक्ताचे दोन ठिपके घेऊन फोटोत हसणारे बरेच जण दरवर्षी दिसतात.

८. बेळगावची हवा पळायला चांगली म्हणतात. खरं काय?

खरं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ वाटत नाही, पण हिवाळ्यातली पहाट छान गार असते. गोव्याहून चोर्ला घाट चढून येणाऱ्यांना घाम सुकतो कसा याचंच नवल वाटतं. तोटा एवढाच की गारव्यात तहान उशिरा कळते (पाण्याचं प्रश्न १२ मध्ये) आणि पहिले तीन किलोमीटर वेगाचा अंदाज चुकतो. पावसाळ्यातल्या शर्यतीचं गणित निराळं. तेव्हा बुटात पाणी जाणार हे धरूनच चालायचं, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर पाय ठेवायचा नाही.

९. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणाऱ्यांनी पहाटे कसं पोचायचं?

पहाटेच्या गाडीवर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी या, बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) घ्या, पाव्हण्यांकडे मुक्काम करा. फक्त पाव्हण्यांना आधीच सांगा, म्हणजे रात्री मटणाचा बेत होणार नाही. लॉज घेणार असाल तर एक स्थानिक गोष्ट ध्यानात ठेवा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरातल्या खोल्या मिळणं मुश्किल होतं आणि दर चढतात. त्या आठवड्याच्या आसपास शर्यत असेल तर महिनाभर आधी खोली धरा.

१०. मित्राला येणं जमत नाही. त्याच्या नावाचा बिब मी घातला तर कुणाला कळतंय?

कळतंय किंवा नाही हा मुद्दा नाही. बिबच्या मागे चिप असते. सुरुवातीच्या, वळणाच्या आणि शेवटच्या पट्टीवरून गेलात की ती वेळ नोंदवते. त्याच क्रमांकावर मित्राचं वय, रक्तगट आणि घरचा फोन असतो. तुम्ही रस्त्यात कोसळलात तर डॉक्टर त्याचा रक्तगट वाचतात आणि फोन त्याच्या बायकोला जातो. शिवाय पंचवीस वर्षांच्या पोराने साठीतल्या काकांचा बिब घातला आणि ज्येष्ठ गटात काका पहिले आले, असंही घडतं. आयोजक नाव बदलून देत असतील तर रीतसर बदलून घ्या. फी परत मिळेल ही आशा मात्र सोडा.

११. सकाळी काय खाऊन जाऊ? आणि त्या दिवशी उपवास आला तर?

सुरुवातीच्या दोन तास आधी थोडं आणि ओळखीचं. मी दोन केळी आणि अर्धा कप चहा घेतो. काही जण गूळ-पोळीचा तुकडा खातात. उप्पीट, पोहे यांत तेल-शेंगदाणे असतात, ते पळून झाल्यावर. रात्री नेहमीचा वरण-भात, थोडा लवकर. 'कार्ब लोडिंग' नावाखाली आदल्या रात्री अर्धा किलो कुंदा संपवणारा एक मित्र आहे. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपवासाचं स्पष्ट सांगतो. निर्जळी उपवास आणि एकवीस किमी एकत्र जमत नाहीत, दोन्हींपैकी एक सोडा. फराळ चालत असेल तर केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू ही पळणाऱ्याचीच खाणी आहेत. साबुदाण्याची खिचडी आदल्या रात्री ठीक, सकाळी जड.

१२. पाणी किती प्यायचं? सगळे म्हणतात भरपूर प्या.

'भरपूर' हा शब्द विसरा. तहान लागेल तसं, घोट-घोट. अंतर हळू कापणारे लोक प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पितात, आणि त्यांनाच रक्तातलं सोडियम पातळ होण्याचा धोका जास्त असतो. डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ, अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पाजलं तर प्रकरण बिघडतं. दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर साध्या पाण्याबरोबर मीठ-साखर पोटात जाऊ द्या: ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, काहीही. ओआरएसची पुडी मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळायची.

छोट्या शर्यतीतली एक खास अडचण सांगतो. पाण्याची टेबलं मागच्यांसाठी उरतातच असं नाही. एका शर्यतीत मी सतराव्या किलोमीटरला पोचलो तेव्हा टेबल होतं, माणसं होती, पाणी नव्हतं. एका घरासमोर सडा घालणाऱ्या काकूंनी तांब्या पुढे केला. तेव्हापासून दोन तासांच्या पुढे लागणाऱ्यांना मी सांगतो: अर्ध्या लिटरची बाटली स्वतःची ठेवा.

१३. मुंबईला पळालोय. मग इथली शर्यत सोपीच की?

उलट. याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

मोठ्या शहरात हजारो माणसं असतात. पुढे पाठ, मागे पावलं, दोन्ही बाजूंना ढोल. गर्दी तुम्हाला ओढून नेते. आपल्याकडे सुरुवातीला गर्दी वाटते, कारण ३ आणि ५ किमीची शाळकरी पोरं त्याच मैदानात असतात. ती वळली की रस्ता रिकामा. त्यात पहिल्या रांगेत भरतीची तयारी करणारी खेड्यातली पोरं असतात. सैन्यभरतीच्या १६०० मीटरचा वेग त्यांच्या पायात भिनलेला असतो, पहिला किलोमीटर ती बाणासारखी जातात. त्यांच्या मागे लागून आमच्यासारख्यांचा पहिला किलोमीटर पाच मिनिटांत होतो आणि बाकीच्या वीस किलोमीटरांत त्याची परतफेड करावी लागते. त्यातली काही पोरं पुढे चालताना भेटतात, पण तो आनंद घ्यायला आपल्यातही काही उरलेलं नसतं.

म्हणून इथे घड्याळाशी बांधून पळायचं. दोन तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला ५:४१, अडीच तासांत ७:०६, तीन तासांत ८:३१. हे आकडे हातावर पेनने लिहा आणि पहिले पाच किलोमीटर त्याहून दहा सेकंद हळूच जा. वेग सांगणारे झेंडेवाले पेसर छोट्या शर्यतीत असतीलच असं नाही. असले तरी तुमच्या वेळेचा असेल याची खात्री नाही.

दुसरा भाग मनाचा. तेराव्या-चौदाव्या किलोमीटरला पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, एका कोपऱ्यावर पोलिसमामा जांभई देतोय. दुधाच्या गाडीवाला बघत जातो. मुंबईत त्या क्षणी कुणीतरी अनोळखी माणूस संत्र्याची फोड देतो. इथे अनोळखी कुणी नाहीच. इथे शाळेतले सर भेटतात, ते 'अरे, एवढंच पळतोस?' म्हणतात. शेजारच्या मामी गॅलरीतून हाक मारून विचारतात, 'कुणी मागं लागलंय काय रे?' लाज वाटते, हसू येतं, आणि चालायची इच्छा झाली तरी त्या गल्लीत चालता येत नाही. मी माझ्या मार्गाचे तुकडे असेच पाडतो. इथपर्यंत सरांचं घर, तिथपर्यंत भावाचं दुकान, मग मावशीची गल्ली. किलोमीटरचे फलक नसले तरी चालतात.

जोडीदार असेल तर उत्तम. नसेल तर पाचव्या किलोमीटरला आजूबाजूला बघा, तुमच्याच वेगाचा एखादा असतो. विचारून टाका, 'किती वेळेत करणार?' माझे दोन चांगले मित्र असेच मिळाले. एक धारवाडचा, एक कागलचा.

१४. चढ किती असतात? कुठं जपायचं?

शहर सपाट दिसतं, आहे उंच-सखल. गाडीवरून जाणवत नाही, पायाला कळतं. कपिलेश्वरचा उड्डाणपूल आणि गोगटे सर्कलचा पूल मार्गात असतील तर तेच खरे चढ. चढावर घड्याळ बघू नका, श्वास बघा: पावलं छोटी, हात थोडे जोरात, वेग कमी झाला तर होऊ द्या. उतारावर तो वेळ भरून काढायला धावत सुटणारे दुसऱ्या दिवशी जिना उलटे उतरतात, कारण मांड्यांची खरी मोडतोड उतारावर होते.

१५. मार्ग दोन फेऱ्यांचा हाय. पहिला फेरा संपला की मैदानाशेजारूनच परत जायचं. तिथंच थांबावंसं वाटतं.

सगळ्यांनाच वाटतं. दहा किमीवाले गळ्यात पदक घालून इडली खात असतात आणि तुम्हाला डावीकडे वळायचं असतं. हा पंचवीस मीटरचा रस्ता म्हणजे शर्यतीतला सगळ्यांत अवघड चढ. माझा उपाय: घरच्यांना मैदानात नाही, दुसऱ्या फेरीत, एकूण पंधराव्या किलोमीटरला उभं करायचं. आणि वळणावर खाण्याच्या टेबलाकडे बघायचं नाही.

नियमाचंही एक सांगतो. खरोखर थांबायचं असेल तर पट्टीजवळच्या स्वयंसेवकाला क्रमांक सांगून थांबा. न सांगता शेवटच्या पट्टीवरून गेलात तर तुमची एकवीसची वेळ सव्वा तास दिसते आणि पुढे खुलासे देत बसावं लागतं.

१६. रस्ते बंद असतात काय? आणि मधेच रेल्वे गेट पडलं तर?

पूर्ण बंद क्वचित. सुरुवातीचा तास-दीड तास पोलीस अडवतात, मग हळूहळू रिक्षा-दुचाकी सुटतात. अडीच तासांच्या पुढे लागणाऱ्यांनी कडेने पळायचं आणि कानातली इयरफोनं काढायची.

रेल्वे गेट हा अस्सल टिळकवाडीचा प्रश्न. आयोजक शहाणे असतील तर मार्ग गेटवरून नेत नाहीत. तरी पडलंच, तर थांबायचं. खालून वाकून जायचं नाही, मागे मालगाडी असो की इंजिन. थांबलेली मिनिटं वेळेतून वजा होत नाहीत, तक्रार करून उपयोग नाही. सरावात मला हे दोनदा झालंय. जागच्या जागी उड्या मारत राहा, पोटऱ्या गार पडू देऊ नका.

१७. बायकांसाठी सोय काय असते? मी पहिल्यांदाच येणार आहे.

याचं उत्तर आमच्या गटातल्या ताईंचं आहे, तसंच देतो: 'स्पष्टच सांगते, स्वच्छतागृह सुरुवातीला असतं, मार्गावर असेलच असं नाही. मैदानात लवकर पोचा, रांग लागायच्या आत. पाळीचे दिवस असतील तर त्या काळात पळायला हरकत नाही, त्रास होत असेल तर वेग सोडून द्या. पण नवीन प्रकारचं पॅड किंवा कप त्या दिवशी वापरू नका, मांड्या सोलवटतात. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा बुटाएवढीच गरजेची. सरावाला अंधारात एकटीने नको, दोघी-तिघी मिळून निघा. आणि ३ किमीला साडी नेसून येणाऱ्या सासूबाईंना हसू नका, पुढच्या वर्षी त्या ५ ला असतात.'

१८. घोषणा कुठल्या भाषेत होतात? मराठीत बोललं तर चालतंय काय?

माइकवर कन्नड आणि इंग्रजी, मध्ये मध्ये मराठी, देशभक्तीची गाणी हिंदीत. बिबवर नाव बहुधा इंग्रजीतच छापतात, गावाचं नाव २०१४ पासूनचं अधिकृत 'बेळगावी'. घरी आपण बेळगावच म्हणतो आणि 'बेळगावी'चं पदक घेऊनच घरी येतो. रस्त्यावर भाषेचा प्रश्न मी तरी अनुभवला नाही. स्वयंसेवक पोरगी 'नीर बेकेन्री?' (पाणी हवं का?) विचारते, आपण 'दे की गं' म्हणतो, ग्लास हातात येतो. 'ओड्री, ओड्री!' म्हणजे पळा, पळा. थांबून बोलणाऱ्यालाही तेच ऐकवतात.

१९. माझ्या घड्याळात २१.४ आलं. मार्ग जास्त मोजलाय?

कदाचित नाही. रीतसर मोजलेला मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, म्हणजे वळणांवर आतल्या कडेने. आपण वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, माणसं चुकवतो. त्यात दोनशे-तीनशे मीटर सहज जातात. जीपीएस दाट झाडांखाली आणि पुलांखाली भरकटतं ते वेगळं. उलट २०.६ आलं तर मात्र शंका घ्या. प्रमाणित न केलेला मार्ग असेल तर ती वेळ घरात सांगायला ठीक. मोठ्या शर्यतींच्या नोंदणीसाठी वेळेचं प्रमाणपत्र लागणार असेल तर मार्ग प्रमाणित आहे का ते पैसे भरायच्या आधीच विचारा.

२०. शेवटचा आलो तर?

येणार कुणीतरी. बहुतेक एकविसाच्या शर्यतींना तीन ते साडेतीन तासांची मुदत असते. मुदत संपत आली की मागून गाडी येते आणि बसायला सांगते. बसायचं, हट्ट करायचा नाही, पोलीस आणि स्वयंसेवकही सकाळी तीनपासून उठलेले असतात. मुदतीत असाल तर शेवटचे येण्यात एक फायदा आहे: छोट्या गावात शेवटच्या माणसासाठी टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त वाजतात. फक्त इडली संपलेली असते.

२१. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. पळू काय?

पळणारे पुष्कळ आहेत, पण आधी तुमच्या डॉक्टरांना 'एकवीस किलोमीटर' हा शब्द वापरून विचारा. 'थोडा व्यायाम करू का' असं विचारलं तर ते हो म्हणतीलच. चाळिशीपुढच्यांनी, घरात हृदयविकार असेल तर त्याआधीच, तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असाल तर पळताना साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज ठेवा. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, शेवटच्या शंभर मीटरवर असलात तरी.

२२. शर्यतीच्या दोन दिवस आधी ताप आला. गोळी घेऊन पळू?

नाही. ताप असताना जोराचं पळणं हृदयाच्या स्नायूला महाग पडू शकतं. नुसती सर्दी गळ्याच्या वर असेल तर सावकाश जमतं. अंगदुखी, ताप, छातीत कफ असेल तर घरी. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पळण्याआधी 'खबरदारी म्हणून' घेणारे पाहतो. पाणी कमी झालेल्या अंगात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. घेऊ नका.

२३. पळताना समोरचा पडला तर मी काय करू? माझी वेळ जाईल.

जाऊ दे वेळ. बोलवा, उत्तर देत नसेल आणि श्वास नीट नसेल तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मध्यावर जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने दाबायला लागा. शुद्ध आहे पण अंग तापलंय आणि बडबडतोय, तर सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. नुसता पेटका असेल तर पोटरी ताणून धरा, तो स्वतःच शिव्या देत उठतो.

२४. माझ्या घड्याळाने मी माझ्या गटात तिसरा. पण बक्षीस चौथ्याला मिळालं!

हा वाद दर वर्षी मैदानात होतो. वेळा दोन असतात. शिट्टी वाजल्यापासूनची एक, आणि तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासूनची दुसरी. प्रमाणपत्रावर बहुधा दुसरी येते, बक्षिसाला पुष्कळ ठिकाणी पहिली धरतात. बक्षिसाची आशा असेल तर पुढच्या रांगेत उभे राहा आणि नियम आदल्या दिवशी वाचा. नसेल तर मागेच उभे राहा, म्हणजे प्रश्न १३ मधल्या पोरांच्या पायाखाली येणार नाही.

२५. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतंय काय?

येतं, पण लिफ्ट असलेल्या ऑफिसात. शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, अर्ध्या तासात काहीतरी खा. दुखणं दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशी टोकाला असतं. म्हणजे रविवारी पळालात तर रजा मंगळवारची काढा.